फाईल क्रमांक बेचाळीस

१

मार्गासनीहून आलेल्या त्या अंतर्देशीय पत्राला रघुवीररावांनी अकरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते उशाशी, शब्दकोशाच्या पानांत होतं आणि एव्हाना तोंडपाठही झालं होतं.

"गुरुजींना गेनूचा दंडवत. आमच्या मंडळीला भोरच्या दवाखान्यात खालचे दात पक्के बसवले ते तुमाला ठाऊक हाय. आता त्यातले दोन स्क्रू हालतात. हिरडीतून पू येतो. अमृत म्हनतो डॉक्टरनी खोटा माल मारला. मला काय कळत न्हाई. तुमी बी तितंच दात बसवनार असं पुतनीकडनं कळलं. तुमी वाचनारं मानूस. एकच सांगा. तुमी त्या खुर्चीत बसनार का न्हाई? बसनार आसाल तर आमी गप बसतो. नसाल तर तसं कळवा."

रघुवीरराव भोरच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथल्या प्रौढ साक्षरता वर्गात त्यांनी गेनूला अक्षरं शिकवली होती. तेव्हापासून गेनू वर्षातून दोन पत्रं टाकायचा. अक्षर मोडू नये म्हणून, असं तो सांगे. प्रत्येक पत्राला उत्तर गेलं होतं. याच एका पत्राला गेलं नव्हतं.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. वय बहात्तर. तोंडात अकरा दात उरलेले, त्यांतले चार हलणारे. डॉक्टर अश्लेषा म्हणाली होती, उरलेले सगळे काढू, वरच्या हाडात सहा स्क्रू बसवू, खालच्या हाडात चार, आणि त्यांवर दातांची अख्खी पंगत पक्की करू. कवळीसारखी काढायची-घालायची नाही. तारीखही ठरली होती, येत्या शनिवारची. त्या दिवसापासून रघुवीररावांनी या विषयावर मिळेल ते वाचलं, आणि जेवढं वाचलं तेवढी भीती वाढली. आपल्याच जबड्यात भोक पाडल्याचा आवाज आपल्याच कानांना आतून ऐकू येणार, ही कल्पना त्यांना भर दुपारी जेवताना यायची आणि घास तोंडातच राहायचा.

"ग्रंथालयातल्या वाळवीनं तुमच्याइतकी पुस्तकं खाल्ली नसतील," त्यांच्या पत्नी सरोजताई दुधात भाकरी कुस्करून देत म्हणायच्या. "पण तिला निदान दात आहेत."

मंगळवारी सकाळी त्याच सरोजताई भाजीची पिशवी न ठेवताच आत आल्या. काल गेनूचा मुलगा अमृत दवाखान्यात गेला होता. आईची फाईल मागितली. सगळं कपाट उपसलं, पण फाईल नाही. डॉक्टरीणबाईंनी जाळली म्हणे. शनिवारी पुण्याचे स्क्रूवाले डॉक्टर येतात, त्या दिवशी टेम्पो भरून माणसं आणतो आणि दवाखान्याची एक काच शिल्लक ठेवत नाही, असं अमृत रस्त्यात उभं राहून सांगून गेला होता.

"तुमची तारीख शनिवारचीच ना हो?" सरोजताईंनी विचारलं.

२

रघुवीरराव दवाखान्यात गेले ते तारीख रद्द करायला. वाक्यही मनात जुळवून नेलं होतं. पण अश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हीपण?" आणि ते वाक्य त्यांनी बाजूला ठेवलं.

पस्तिशीची मुलगी. लहानपणी ग्रंथालयाच्या खिडकीत पाय दुमडून वाचत बसायची. आज तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर लोकांनी दडवलेली पुस्तकं शोधलीत. माझी एक फाईल शोधून द्या. नाही मिळाली तर मी हे शहर सोडून जाईन. फाईल मी जाळली नाही एवढं सांगायलासुद्धा माझ्याकडे पुरावा नाही."

हे आपल्याला जमणार नाही, असं सांगायला रघुवीररावांनी तोंड उघडलं. पण तोवर त्यांची नजर कपाटाकडे गेली होती आणि बोट सवयीने फायलींच्या पाठीवरून फिरू लागलं होतं. चाळीस, एकेचाळीस, त्रेचाळीस. बेचाळीस नंबर नव्हता. ग्रंथालयात पुस्तक हरवायचं ते बहुधा चुकीच्या जागी खोचल्याने. आकडे उलटे वाचले गेले असतील म्हणून त्यांनी चोविसाच्या शेजारी पाहिलं, कप्प्याच्या मागे हात घातला, खालच्या फळीवरचं वर्तमानपत्र उचललं. फाईल कुठेच नव्हती. कुणीतरी ती मुद्दाम नेली होती.

कपाटापाशी कोण कोण जातं, ते त्यांनी हळूहळू विचारून घेतलं. तिघंच. स्वतः अश्लेषा. पुण्याहून दर शनिवारी आपल्या बॅगेतून स्क्रू घेऊन येणारे डॉक्टर प्रद्युम्न. मागच्या शनिवारी ते फोनवर बोलत पंधरा मिनिटं त्या खोलीत एकटेच होते. आणि मदतनीस रत्ना. ही गेनूच्या भावाची मुलगी, माहेर मार्गासनी, सासर भाटघर. रोज सकाळी भाटघरहून येऊन दवाखाना तीच उघडायची.

प्रद्युम्नना फोन लावला. ते तुटकपणे बोलले. फाईल नसेल तर नसेल, माझं काम चोख आहे, गावातल्या भांडणात मला ओढू नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"पेशंटचं आणखी काय काय असतं?" रघुवीररावांनी विचारलं.

अश्लेषाने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक एक्स-रेचं पाकीट; ते मोठं असल्याने वेगळ्या खणात राहायचं. दुसरी स्क्रूची नोंदवही. प्रत्येक स्क्रूच्या डबीवर दोन चिकटपट्ट्या येतात, कंपनीचं नाव आणि नंबर छापलेल्या. एक फायलीत लावायची, एक या वहीत. गेनूच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या, चारही पट्ट्या वहीत जागच्या जागी होत्या. चारही एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या. त्या दिवशी त्याच खेपेतले आणखी दोन स्क्रू दुसऱ्या एका गृहस्थांना बसले होते आणि ते गृहस्थ खुशाल शेंगदाणे खात होते.

एक्स-रे उजेडासमोर धरून अश्लेषा म्हणाली, "हे बघा. सुटलेले दोन्ही डावीकडचे. उजवीकडचे दोन पक्के आहेत."

रघुवीरराव बाहेर आले आणि पायरीवर थबकले. माल खोटा असता आणि कुणी तो लपवू पाहत असता, तर त्याने टेबलावर उघडी पडलेली ही वही आधी पळवली असती. वहीला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे फाईल नेणाऱ्याला स्क्रूची भीती नव्हतीच.

मग कशाची होती?

३

रत्नाला त्यांनी दुपारी गाठलं. ती हत्यारं उकळत होती. तोंडावर हिरवा मास्क, वर सुजलेले डोळे. चाळिशीची बाई, कामाला वाघ. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं, हे भोरात सगळ्यांना माहीत होतं.

फाईल कधी शेवटची पाहिली, हे तिला आठवत नव्हतं. प्रद्युम्न सरांवर तिचा संशय नव्हता, मॅडमवर तर नाहीच. चुलतीचं नाव निघताच ती चिमटा खाली ठेवून भिंतीकडे बघू लागली.

"बरं, फायलीत काय काय कागद होते?" रघुवीररावांनी विचारलं.

हे मात्र तिने घडाघडा सांगितलं. ऑपरेशनला संमती दिल्याची सही, रक्ताचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, स्क्रूच्या पट्ट्या, पावत्या. बोटांवर मोजले आणि म्हणाली, बास, एवढेच.

रघुवीरराव घरी आले. दिवसभर काहीतरी टोचत होतं, पण आपण कोण मोठे शोध लावणारे, म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं. संध्याकाळी सरोजताई दिव्याला वात करत असताना ते एकदम उठून बसले. दवाखान्यात पाऊल टाकल्या दिवशी त्यांच्या स्वतःसाठी पहिला कागद भरला गेला होता तो प्रश्नांचा. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. तो कागद प्रत्येक फायलीत पहिलाच असणार. रत्नाने सगळे कागद मोजले आणि नेमका पहिला सोडला.

बत्तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. पुस्तक दडवणारा वाचक कपाटातल्या सगळ्या पुस्तकांबद्दल बोलतो. दडवलेल्याचं नाव काढत नाही.

पण प्रश्नांच्या एका कागदात भिण्यासारखं असणार काय? ते मार्गासनीला गेल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि मार्गासनीला जायचं म्हणजे गेनूसमोर उभं राहायचं, बिनउत्तराच्या पत्रानिशी.

४

बुधवारी सकाळी त्यांनी नसरापूरची एसटी पकडली आणि तिथून वेल्ह्याची गाडी. वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत फिरावं. गेनू रस्त्यावरच भेटला, खांद्यावर वैरणीचा भारा. त्याने पत्राचा विषय काढला नाही. "या गुरुजी" एवढंच म्हणाला, आणि रघुवीररावांना त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

दारात टेम्पो उभा होता. अमृत फोनवर बोलत होता. शनिवारी किती जण, कुठून बसणार, सगळं मोठ्याने चाललं होतं. पाहुण्याला ऐकू जावं म्हणूनच बहुधा. फोन ठेवून तो पुढे आला. "काका, तुम्ही डॉक्टरणीकडून आलात का आमच्याकडून?" त्याने विचारलं. रघुवीरराव अर्धं पाऊल मागे सरकले. ते म्हणाले, "मी माझ्याकडूनच आलोय. मलाही शनिवारीच बसायचंय." अमृत हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

घराच्या मागच्या बाजूला काहीतरी भाजल्याचा उग्र वास सुटला होता. डोळ्यांना झोंबत होता. सगुणाबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. गालाला पदर लावलेला, डावा गाल सुजून चकाकत होता. दात बसले त्या पहिल्या महिन्यात त्यांनी म्हणे मक्याचं कणीस दातांनी सोलून खाल्लं होतं आणि अख्ख्या आळीला दाखवलं होतं.

रघुवीररावांनी चाचरत एकेक प्रश्न विचारला. साखर? न्हाई. कुठल्या गोळ्या? न्हाई. पुढचा प्रश्न विचारायला त्यांनाच संकोच वाटला. "तंबाखू वगैरे..."

सगुणाबाईंनी पदर खाली घेतला. "गुरुजी, आमी काय चावडीवर बसनाऱ्या बाया दिसतो व्हय? उभ्या जल्मात कधी चिमूट तोंडात टाकली न्हाई. ह्यांनाबी टाकू दिली न्हाई."

"तसं नव्हे, मी आपलं..."

"इचारा की कुनालाबी गावात."

गेनूने मान हलवली. खरं होतं ते. रघुवीरराव ओशाळले. तेवढ्यात सगुणाबाईंनी कोनाड्यातली पत्र्याची डबी घेतली, झाकण उघडलं आणि डाव्या हाताच्या बोटावर काळी भुकटी घेऊन डाव्या गालात सारली. बोट हळूहळू फिरू लागलं. नख काळंभोर होतं. भुकटी तिथेच दाबून त्या डोळे मिटून बसल्या.

"मिश्री लावली की ठनका जरा कमी व्हतो," गेनूने समजावलं. "आधी सकाळचीच लावायची. आता दुखतंय म्हनून दिसातून पाच-सहा येळा लावती."

मागे तव्यावर भाजत होती ती तंबाखूची पानं. भाजून, कुटून त्याचीच मिश्री होते, हे त्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि मिश्री म्हणजे तंबाखू, असं मात्र एकालाही वाटत नव्हतं. ते दात घासायचं होतं. डावीकडचे दोन स्क्रू दिवसातून सहा वेळा त्या भुकटीत बुडत होते.

"हे डॉक्टरांना सांगितलं होतंत?" रघुवीररावांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"दात घासतो ह्ये बी सांगायचं आसतंय?" सगुणाबाई म्हणाल्या. "आन् रत्नाला काय म्हाईत न्हाई? ल्हान आसताना हितंच बसून मला भाजू लागायची."

रघुवीररावांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे आला.

खिशात तपकिरीची डबी होती.

५

पाच वर्षं झाली होती. एक दाढ दुखायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, हिरडीला चिमूटभर तपकीर चोळा, बधिर होतं. तेव्हापासून दुपारी एकदा आणि निजताना एकदा. औषध होतं ते. आपण तंबाखू घेतो असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि ते स्वतःला वाचणारा माणूस समजत होते.

गुरुवारी दवाखाना उघडताच त्यांनी स्वतःची फाईल मागितली. पहिलाच कागद. सहावा प्रश्न एका ओळीत छापलेला होता: तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री, तपकीर. पुढे निळ्या शाईत, रत्नाच्या गोलसर अक्षरात, 'नाही'.

त्यांना तो दिवस आठवला. रत्नाने ही ओळ वाचली नव्हती. मान खाली घालून, लाजत म्हणाली होती, "काका, तुमचं तंबाखू-बिंबाखू काही नसेलच." थोरामोठ्यांना असलं विचारायचं म्हणजे त्यांचा पाणउतारा, म्हणून तिने उत्तर आधीच हातात दिलं होतं. त्यांनीही हसून मान हलवली होती. सख्ख्या चुलतीला तर तिने तेवढंही विचारलं असेल का?

रत्ना मागच्या खोलीत होती. रघुवीररावांनी दार ओढून घेतलं आणि कागद तिच्यापुढे धरला. वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"मिश्री हा शब्द छापलेला होता आणि पुढे तुझं अक्षर," ते म्हणाले. "बेचाळीस नंबरमध्ये तेवढाच एक कागद असा होता, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून फाईल गेली. स्क्रूसाठी नाही."

रत्नाने मास्क काढला. मग फडताळातली डब्याची पिशवी काढली आणि भाकरीच्या फडक्याखालून फाईल बाहेर घेतली. आठ दिवस ती रोज भाटघरला नेत होती आणि रोज परत आणत होती. जाळायचा धीर नव्हता. ठेवायचाही नव्हता.

"पुण्याच्या सरांनी एका पेशंटला सांगितलं, मिश्री लावाल तर स्क्रू हाडात धरणार नाहीत," ती म्हणाली. "मी तिथंच उभी होते काका. ट्रे हातातून पडला. तवर मिश्रीनं काही बिघडंल असं मला खरंच वाटलं नव्हतं. चुलती मिश्री लावते म्हंजे काय, समद्याच लावतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नोकरी गेली तर त्यांच्या गोळ्या कुठनं आणू? आणि माहेर? पुतणीनं चुलतीचं तोंड नासवलं म्हणतील. अमृतदादा तर..."

रघुवीररावांना भीती काय असते ते चांगलं समजत होतं. त्यांनी खिशातली डबी काढून तिच्यासमोर ठेवली.

"माझ्या कागदावरही 'नाही'च आहे," ते म्हणाले. "परवा मी खुर्चीत बसलो असतो आणि सहा महिन्यांनी माझीही फाईल तुला पळवावी लागली असती. मॅडमना तू सांग. मी शेजारी उभा राहतो."

बाहेर अश्लेषाच्या चपलांचा आवाज आला.

६

रत्नाने सांगितलं. मध्ये दोनदा थांबली, पण काही लपवलं नाही. अश्लेषा बराच वेळ फाईल उलटीसुलटी करत राहिली. रघुवीररावांना वाटलं, आता हिची नोकरी जाणार. पण अश्लेषा म्हणाली, "वरच्या दातांवरचे काळे डाग मला दिसले होते. चहाचे असतील म्हटलं. कागदावर 'नाही' होतं ना. मी तोंडात बघायचं सोडून कागद बघितला." मग रत्नाकडे न पाहता म्हणाली, "ही ओळ ह्यापुढे मी स्वतः विचारणार. एकेक शब्द. तू समोर बसून ऐकायचंस." फाईल पळवल्याबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बरंच बोलली, आणि रत्नाने ते मान खाली घालून ऐकलं.

शुक्रवारी तिघंही मार्गासनीला गेली. अमृतला समजावणं सोपं गेलं नाही. तो रत्नावर धावून आला, मग डॉक्टरवर, मग दोघींना सोडून टेम्पोच्या दारावर त्याने मूठ आपटली. रघुवीरराव मध्ये पडले नाहीत. पडायला धीरच नव्हता. त्यांनी फक्त स्वतःची डबी आणि स्वतःचा कागद ओट्यावर मांडला आणि हळू आवाजात, पुस्तक वाचून दाखवावं तसं, क्रमाने सांगितलं. चारही स्क्रू एका खेपेतले, सुटले ते डावीकडचेच, आणि मिश्री कुठल्या गालात राहते. अमृतने आईच्या काळ्या नखाकडे पाहिलं. नंतर तो खाली बसला.

सगुणाबाईंनी बोट पदराला पुसलं. "म्हंजे माझ्याच बोटानं," त्या म्हणाल्या. "पोरीला कुनी बोलायचं न्हाई. मी बी तिला म्हनलं आसतं, मिश्री काय इचारतीस गं?"

शनिवारी दवाखान्यासमोर टेम्पो उभा राहिला. त्यातून गेनू आणि सगुणाबाई उतरले. प्रद्युम्ननी हलणारे दोन स्क्रू काढले, जखम धुतली. उजवीकडचे दोन शाबूत होते. मिश्री सुटली आणि हाड भरून आलं, तर तीन-चार महिन्यांनी डावीकडे पुन्हा बसवता येतील, नाहीतर राहिलेलेही काढून कवळी. निर्णय सगुणाबाईंनी घ्यायचा होता. त्यांनी मान हलवून सांगितलं, पुन्यांदा त्या खुर्चीत नगं. लई भ्या वाटतं.

रघुवीररावांची तारीख अर्थातच पुढे गेली. तपकीर आधी सुटायला हवी होती. ते सुटकेचा श्वास घेऊन निघाले होते, तेवढ्यात गेनूने त्यांना जिन्यात गाठलं.

"गुरुजी, माझ्या पत्राचं उत्तर मातूर ऱ्हायलं."

"आता काय राहिलंय त्यात गेनू? सगळं समोरच झालं."

"त्ये झालं. पर म्या इचारलं व्हतं त्ये येगळं हाय. तुमी बसनार का न्हाई? तुमी बसलात तर तीबी बसंल. न्हाईतर न्हाई."

रघुवीररावांनी तोंड उघडलं. गेनूने हात वर केला. "तोंडी नगं. ल्हेऊन धाडा. तोंडचं मानूस फिरवतं."

ते घरी आले. अंतर्देशीय पत्र घेऊन बसले ते संध्याकाळपर्यंत. तारीख लिहिली. गेनूचं नाव लिहिलं. ड्रिलचा तो आवाज अजूनही कवटीत कुठेतरी वाट पाहत बसला होता. त्यांना आता न बसायला काही कारण उरलं नव्हतं. माल खोटा नव्हता, डॉक्टर खोटी नव्हती. उरली होती ती नुसती भीती, आणि नुसत्या भीतीवर कुठलं पुस्तक उपयोगी नव्हतं. 'नाही' लिहिलं असतं तर कुणी दोष दिला नसता. सगुणाबाईंनी तेवढंच वाचून कवळी मागितली असती, आणि पुन्हा कणीस कधी सोललं नसतं.

सरोजताई चहा ठेवून गेल्या. चहा निवला. परत येऊन त्यांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन तासांत 'प्रिय गेनू' एवढंच? दात नाहीत म्हणून शब्दसुद्धा चावता येईनात का?"

तेव्हा त्यांनी लिहिलं.

"प्रिय गेनू, उत्तराला उशीर झाला, माफी असावी. मी भितो. सगुणाबाईंपेक्षा जास्तच भितो. तपकीर सोडून आज पहिला दिवस आहे आणि हात कापतो आहे, ते अक्षरावरून कळेलच. तीन महिने पाळेन. मग बसेन. सगुणाबाईंनाही त्याच दिवसाची तारीख घेऊ. आधी मी बसतो. त्यांनी बाहेर बाकावर बसावं आणि मी ओरडलो तर गावभर सांगावं. तुझा, रघुवीर."

पत्ता लिहून ते चौकापर्यंत चालत गेले. पोस्टाच्या तांबड्या पेटीच्या फटीत पत्र अर्धं सरकवलं आणि तसंच धरून उभे राहिले. मागे एक बाई हातात राखीची पाकिटं घेऊन आली आणि म्हणाली, "काका, टाकताय ना?"

"हो," रघुवीरराव म्हणाले, आणि बोटं सोडली.